लिएपायाच्या वाळूत

सोमवार

लिएपायाला जायचं माझ्या डोक्यात आलं ते एका तारेमुळे. २२ जुलै १९४१ ची तार. लाटव्हियातल्या लिएपाया बंदराचा जर्मन नौदल कमांडंट कीलच्या आपल्या वरिष्ठांना कळवतो, की शहरातल्या ज्यूंचा प्रश्न लवकर सोडवायचा आहे, पण हाताशी असलेल्या एसएसच्या, म्हणजे नाझींच्या खास सशस्त्र दलाच्या, माणसांवर सोडलं तर वर्ष जाईल. तेव्हा शंभरेक एसएस आणि पन्नासेक पोलीस पाठवावेत.

मी सगळी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवण्यात काढली. अपुरं मनुष्यबळ, कामाला लागणारी मुदत, जादा माणसांची मागणी, अशी पत्रं शेकड्यांनी माझ्या हातांखालून गेली. त्यांत विहिरी असायच्या, शाळाखोल्या असायच्या. त्यामुळे ही तार वाचून मला पहिल्यांदा राग आला नाही, आधी तिची भाषा ओळखीची वाटली. आणि तेच काही दिवस डोक्यातून जाईना.

भाची रीगाला शिकते. आजकाल तिथे भारतीय मुलं बरीच आहेत, मराठी कानावर पडायला फार वाट पाहावी लागत नाही. तिने माझ्यासाठी सिगुल्दाचा किल्ला, युर्मालाचा किनारा अशी यादी करून ठेवली होती. मी लिएपाया म्हटल्यावर म्हणाली, "मावशी, तिथे काय आहे? वारा आहे नुसता." गंमत म्हणजे लाटव्हियातले लोकही त्या गावाची ओळख अशीच करून देतात: वारा जिथे जन्मतो ते शहर.

रीगाचं बस स्थानक सेंट्रल मार्केटच्या बाजूलाच आहे. त्या बाजाराच्या प्रचंड कमानी पहिल्या महायुद्धातल्या जर्मन झेपेलिनच्या, म्हणजे अवाढव्य हवाई जहाजांच्या, हँगरांपासून केलेल्या, आणि ते हँगर मूळचे लिएपायाकडच्या वाइन्योदे गावचे. तिथून काळ्या राईचा पाव आणि चेरी घेतल्या. बसला साडेतीन तास लागतात, अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. रस्ता सपाट. बर्च, गवताची कुरणं, खांबांवर करकोच्यांची घरटी. उन्हाळी संक्रांतीचा यानी सण नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे काही गाड्यांच्या बॉनेटवर ओकच्या पानांच्या माळा अजून सुकत होत्या.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी, कारण जूनअखेर इथे दहा वाजून गेले तरी उजेड असतो, आम्ही रोझू लाउकुम्स या गुलाबांच्या चौकात बसलो. भाचीने धुरावलेला कॉड मासा आणि बटाटे असं इथलं खास मडक्यातलं जेवण घेतलं. मी शाकाहारी, मला थंड गुलाबी सूप मिळालं. बिटाच्या कोशिंबिरीत ताक ओतावं तसं. दोन वाट्या संपवल्या.

मंगळवार

शहर फार मोठं नाही. पश्चिमेला बाल्टिक, पूर्वेला सरोवर, मध्ये जमिनीची पट्टी. ट्रामचा एकच मार्ग, पण १८९९ पासून चालू. १९३५ च्या जनगणनेत इथे ५७,००० च्या आसपास माणसं होती, त्यांत ७,३७९ ज्यू. म्हणजे आठातला एक. दुकानदार, शिंपी, डॉक्टर, गोदीतले मजूर, लाकडाचे व्यापारी.

मी ठाण्यात वाढले. ज्यू म्हणजे माझ्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलजवळचं सिनेगॉग आणि बेने इस्राएल मंडळी: पेणकर, नवगावकर अशी गावांवरून पडलेली आडनावं, घरात मराठी, मानलेल्या गोष्टीसाठी मालिदा. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत, एवढीच काय ती वेगळी ओळख. लिएपायाच्या ज्यूंचंही गावाशी असंच होतं, आणि एक जास्तीची गोष्ट होती. हा भाग कुर्झेमे, जुन्या नावाने कुरलंड. इथल्या कितीतरी ज्यू घरांत जर्मन बोलली जायची. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य इथे तीन-साडेतीन वर्षं होतं. तेव्हाचे जर्मन अधिकारी नीट वागले होते, हे वडीलधाऱ्यांना आठवत होतं. १९४१ मध्ये पळावं की थांबावं या घराघरांतल्या वादात ही आठवण थांबण्याच्या बाजूने पडली.

त्यात त्या महिन्याची आणखी एक गोष्ट. तेव्हा लाटव्हियावर सोव्हिएत ताबा होता. १४ जूनच्या पहाटे सोव्हिएत पोलिसांनी देशभरातून पंधरा हजारांवर माणसं उचलली आणि मालगाडीच्या डब्यांत कोंबून पूर्वेला धाडली. लिएपायातले दोनशेच्या आसपास ज्यू त्यांत होते. मागे राहिलेल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. गेलेल्यांतले बरेच सैबेरियात आणि छावण्यांत मेले. तरीही त्यांच्यातले जगलेले, मागे राहिलेल्यांपेक्षा प्रमाणाने किती जास्त निघाले हे पुढे कळलं. इथे योग्य निर्णय असा कोणाच्या हातातच नव्हता.

आठवड्याने, २२ जूनला, हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला. लिथुआनियाची हद्द जवळ, तिच्याही पलीकडे जर्मनी, त्यामुळे जर्मन पहिल्याच दिवसांत इथे येऊन थडकले. पण लिएपाया लगेच पडलं नाही. लाल सैन्य आणि कामगारांच्या तुकड्यांनी २९ जूनपर्यंत शहर लढवलं. जर्मनांना इतक्या प्रतिकाराची सवय नव्हती. त्याचा सूड कोणावर निघाला ते रायनिस पार्कमध्ये उभं राहिलं की समजतं. बचावासाठी नागरिकांकडून खोदून घेतलेले चर तिथे तयार होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच चरांत ज्यू पुरुषांना गोळ्या घातल्या. ही जागा गावाबाहेर नाही, जंगलात नाही. आज बाबागाड्या ढकलणाऱ्या आया तिथून जातात. तेव्हाही भोवती घरं होती, खिडक्या होत्या.

५ जुलैचा नौदल कमांडंटचा हुकूम मी वहीत उतरवून आणला होता. छातीवर आणि पाठीवर पिवळा तुकडा. सोळा ते साठ वयाच्या पुरुषांनी रोज सकाळी सातला अग्निशमन दलाच्या चौकात हजर राहायचं. दुकानात जायची वेळ दहा ते बारा. बागा आणि समुद्रकिनारा बंद. सार्वजनिक वाहनं बंद. गणवेशातला जर्मन समोरून आला तर पदपथावरून खाली उतरायचं. रेडिओ, वाहनं आणि टाइपरायटर जमा करायचे.

"टाइपरायटर का?" भाचीने विचारलं.

मला उत्तर माहीत असल्यासारखं वाटलं, पण दिलं नाही. आम्ही ट्रामने शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. तिकीट काढताना तिच्या लक्षात आलं, की हुकुमात हेही होतं.

रोज सकाळी चौकात हजर झालेल्यांतून कामाला माणसं नेली जात. काहींना महिला तुरुंगात नेत, आणि तिथून बंदराजवळच्या दीपगृहाकडे. दीपगृह अजून आहे, लांबूनही दिसतं. तिथल्या वाळूत त्या उन्हाळ्यात जे झालं त्याची फिल्म आहे. राइनहार्ड वीनर नावाच्या जर्मन नौदलातल्या सार्जंटकडे ८ मिलिमीटरचा कॅमेरा होता. फिल्म दोन मिनिटांचीही नाही. ट्रक येतो, माणसं उतरतात, पाठीवर तुकडे, पळत चरात उतरतात, बंदुका उडतात. आवाज नाही. मला त्यातले मरणारे दिसले त्याहून जास्त बघणारे दिसले. खलाशी, सैनिक, कडेला गर्दी करून उभे. कोणालाही ड्यूटी म्हणून तिथे बोलावलेलं नव्हतं.

तार गेली ती याच दिवसांत. आणि तिला उत्तर कृतीतून मिळालं, तेही दोन-तीन दिवसांत. व्हिक्टर्स आरायसच्या टोळीतले लाटव्हियन तरुण रीगाहून आले. ही टोळी रीगा शहराच्या निळ्या बसमधून गावोगाव फिरायची. बस कुठल्या कामाची म्हणून खर्ची पडली असेल, हा प्रश्न मला सुटत नाही.

शरद ऋतूपर्यंत गावातले बहुतेक ज्यू पुरुष संपले होते. राहिल्या बायका, मुलं, म्हातारे, आणि कारागीर म्हणून जर्मनांना हवे असलेले थोडे.

संध्याकाळी भाचीला ट्रिनिटी चर्चचा ऑर्गन ऐकायचा होता. सात हजारांवर नळ्यांचा ऑर्गन आहे, एकेकाळी जगात सर्वांत मोठा होता. ती गेली. मी खोलीवर झोपले.

बुधवार

आज सायकली. भाचीने माझ्यासाठी रुंद सीटची शोधून दिली. उत्तरेला कालपाक्सचा फिरता पूल ओलांडला की कारोस्टा लागतं. झार तिसऱ्या अलेक्झांडरने उभारलेलं लष्करी बंदर, नंतर सोव्हिएत नौदलाचा तळ, सामान्य माणसाला बंद. सोन्याच्या घुमटांचं नौदल कॅथीड्रल आणि त्याच्या भोवती सोव्हिएत काळातल्या पडीक इमारती, असं विचित्र दृश्य आहे. पुढे किनाऱ्यावर झारच्या काळातले किल्ले समुद्रात कोसळत चाललेत. पर्यटक तिथे फोटो काढायला थांबतात, आम्हीही थांबलो. वारा समोरून होता आणि सायकल पुढे जायला तयार नव्हती.

श्केदे त्याच्या पुढे. शहरापासून पंधराएक किलोमीटर. डावीकडे वाळूच्या टेकड्या, त्यांच्या पलीकडे समुद्राचा आवाज.

१३ डिसेंबर १९४१, शनिवार. 'कुर्झेमेस वार्ड्स' या गावच्या दैनिकात एसएस आणि पोलीस प्रमुख डॉ. फ्रिट्झ डिट्रिख याची सूचना छापून आली: सोमवार १५ आणि मंगळवार १६ डिसेंबर रोजी ज्यूंनी आपली घरं सोडू नयेत. एवढंच. गावातले सगळे ते वाचत होते, ज्यूही आणि शेजारीही. त्या रात्रीपासून लाटव्हियन पोलीस दारोदार फिरून लोकांना महिला तुरुंगात नेऊ लागले. कामाचा परवाना असलेल्या काहींना सोडलं. सोमवारी उजाडायच्या आत पहिले जथे या वाटेने निघाले.

टेकड्यांत, समुद्राच्या बाजूने, चर आधीच खणून ठेवलेला होता. सुमारे शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद. वीसवीसच्या गटाने माणसं आणत. थोड्या अंतरावर त्यांना वाळूत पालथं झोपवत. मग दहादहा जणांना उठवून कपडे काढायला लावत, आधी वरचे, चराजवळ गेल्यावर आतलेही. डिसेंबरात. चराच्या काठावर समुद्राकडे तोंड करून उभं करत आणि पलीकडच्या काठावरून गोळ्या झाडत. एका माणसामागे दोन बंदुका. तान्ही मुलं आईच्या खांद्यावर धरायला लावत, म्हणजे दोघांवर दोन नेम धरता येत. जे चरात पडत नसत त्यांना लाथेने ढकलायला एक माणूस नेमलेला होता. गोळ्या घालणाऱ्या तुकड्या पाळीपाळीने बदलत. एक जर्मन, बाकी लाटव्हियन. त्यांच्यासाठी रम घातलेल्या दुधाचं कॅन तिथे ठेवलेलं असे.

तीन दिवस. सोमवार ते बुधवार. सुमारे २,७५० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं.

जागेचं वर्णन करायचं तर ती सुंदर आहे. लिहायला नको वाटतं, पण आहे. बारीक पांढरी वाळू, उंच गवत, मागे पाइन. किनाऱ्यावर एक कुटुंब वाऱ्याला आडोसा म्हणून कापड उभारून बसलं होतं. वादळानंतर इथे वाळूत अंबर, म्हणजे झाडाच्या राळेचे पिवळे खडे, सापडतात, त्यांची मुलं तेच शोधत होती. मला त्यांचा राग आला नाही. तीही त्यांचीच जागा आहे.

स्मारक २००५ मध्ये झालं. वरून पाहिलं तर सात फाट्यांचा मेनोरा, म्हणजे ज्यूंचा धार्मिक दीप, दिसतो. आम्ही पायी, त्यामुळे आम्हाला दगडांच्या बुटक्या भिंतीच दिसल्या, आणि ज्योतींच्या जागी ग्रॅनाइटचे खांब. खांबांवर बायबलच्या विलापगीतातली वचनं आहेत. आकाशातून बघणाऱ्यासाठी केलेली रचना मला जरा पटली नाही. पण भिंतींमधून चालताना आपण कुठे आहोत ते चटकन कळत नाही, हे मात्र तिथे योग्य वाटतं. जवळच सोव्हिएत काळातलं जुनं स्मारकही आहे. त्याच्या लेखी इथे 'सोव्हिएत देशभक्त' मारले गेले. आकडा खऱ्यापेक्षा मोठा आणि ज्यू हा शब्द गाळलेला. युद्धकैदी आणि कम्युनिस्टही इथे मारले गेले हे खरं. पण कपडे काढून उभी केलेली दहा वर्षांची मुलगी देशभक्त म्हणून मेली नाही.

इथेच कागदांची एक गोष्ट सांगायला हवी. बाल्टिक प्रांतांवर नेमलेला जर्मन मुलकी प्रमुख हिनरिख लोझे याने ऑक्टोबरमध्ये लिएपायातल्या हत्या थांबवल्या होत्या. दयेने नाही. ज्या पद्धतीने चाललं होतं त्याचं समर्थन करता येत नाही, असं त्याचं म्हणणं. वरून जाब विचारला गेला तेव्हा १५ नोव्हेंबरला त्याने बर्लिनच्या मंत्रालयाला उलट प्रश्न लिहून पाठवला: पूर्वेकडचे सगळे ज्यू मारायचे, असा याचा अर्थ घ्यायचा का? वय, स्त्री-पुरुष, आर्थिक गरज काही न बघता? लष्कराला कारागीर लागतात, त्यांचं काय?

बर्लिनहून उत्तर निघालं १८ डिसेंबरला: या प्रश्नात आर्थिक बाबींचा विचार मुळातच करायचा नाही.

श्केदेचा चर १७ तारखेला भरला होता. येकेल्न हा एसएसचा वरिष्ठ अधिकारी रीगाच्या रुम्बुला जंगलात ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर अशा दोन दिवसांत सुमारे २५,००० माणसं मारून मोकळा झालेला होता, त्याला मंत्रालयाच्या उत्तराची गरज नव्हती. फायलीत मात्र प्रश्न आणि उत्तर दोन्ही व्यवस्थित लागले. खुलासा मागवला, खुलासा आला, प्रकरण दप्तरी दाखल. जन्मभर मी ज्या शिस्तीचा अभिमान बाळगला ती इथे जशीच्या तशी होती. कचेरीत फायली नीट असल्या की अन्याय कमी होतो, असं मी नव्या मुलांना सांगत आले. आता सांगेन का, माहीत नाही.

परतताना वारा पाठीशी होता. भाची पुढे निघून गेली आणि पुलापाशी माझी वाट बघत थांबली. पूल फिरलेला होता, जहाज जात होतं.

गुरुवार

सकाळी पेटरटिर्गुस या लाल विटांच्या बाजारात गेलो. स्ट्रॉबेरी, लोणच्याच्या काकड्या, बडीशेपेच्या पाल्याचे जुडगे. तिथून तिर्गोन्यू रस्ता चालत अंतरावर. क्रमांक २२.

डिसेंबरनंतर जगलेल्यांसाठी १ जुलै १९४२ ला गावात घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, केलं. थोड्या घरांत आठशेच्या वर माणसं. तिथला जर्मन प्रमुख केर्शर त्यांच्याशी माणसासारखा वागला असं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. हेही नोंदवायला हवं. ८ ऑक्टोबर १९४३ ला, योम किप्पूरचा उपास सुरू होण्याच्या दिवशी, घेट्टो रिकामं करून सगळ्यांना गाडीने रीगाजवळच्या कायझरवाल्ड छावणीत नेलं.

सगळ्यांना नाही. २२ क्रमांकाच्या इमारतीचा रखवालदार रॉबर्ट्स सेदुल्स हा आधी खलाशी होता, बॉक्सरही होता. त्याने तळघरात एक भिंत उभी करून मागे जागा केली. तिथे अखेरीस अकरा जण राहिले. त्याची बायको योहाना त्यांना अन्न पोचवायची. दुकानात नेहमीपेक्षा जास्त पाव मागितला तरी कोणाच्या डोळ्यांवर येईल अशा दिवसांत. लिएपाया तर युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसापर्यंत जर्मनांच्या ताब्यात राहिलं. बर्लिन पडलं तरी कुर्झेमेत वेढलेलं जर्मन सैन्य इथे होतं. मार्च १९४५ मध्ये सोव्हिएत तोफगोळ्याने रॉबर्ट्स मेला. योहानाने अकराही जणांना ९ मेपर्यंत सांभाळलं.

त्या अकरांत काल्मान लिंकिमर होता. तो तळघरात बसून रोजनिशी लिहायचा. आणि दाविद झिवकॉन होता, वीजतंत्री. घेट्टोत असताना त्याला जर्मन एसडीच्या, म्हणजे एसएसच्या गुप्तचर शाखेच्या, कचेरीत आणि अधिकाऱ्यांच्या घरी दुरुस्तीला पाठवत. एकदा श्ट्रॉट नावाच्या एसएसवाल्याच्या घरी काम करताना त्याला फिल्मच्या निगेटिव्ह दिसल्या. उजेडात धरून पाहिल्या. श्केदेच्या होत्या. त्याने त्या खिशात घातल्या, एका मित्राच्या मदतीने प्रती काढल्या आणि मालकाला कळायच्या आत मूळ निगेटिव्ह जागेवर नेऊन ठेवल्या. प्रती डब्यात घालून पुरल्या. युद्धानंतर त्या बाहेर आल्या, न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा झाल्या. श्केदेतलं जे आज आपल्याला डोळ्यांनी बघता येतं ते या विजेच्या कामगारामुळे.

भाचीने इमारतीच्या दारापाशी उभं राहून विचारलं, "हे लोक नंतर इथेच राहिले?" झिवकॉन राहिला, याच शहरात. युद्ध संपलं तेव्हा लिएपायात सगळे मिळून दोन-तीन डझन ज्यू होते. सात हजारांतले. काही पुढे छावण्यांतून परतले, तरी शेकड्यात जेमतेम.

दुपारी लीवाच्या दफनभूमीत. शहराच्या बाहेरच्या बाजूला, झाडीत. तिथल्या ज्यू विभागात २००४ मध्ये एक भिंत उभी राहिली. तिच्यावर सहा हजारांवर नावं कोरलेली आहेत. हिटलरने मारलेल्यांची, आणि स्टालिनच्या सैबेरियाने मारलेल्यांचीही. दोन्ही एकाच भिंतीवर.

ही नावं कोणत्याही सरकारने शोधली नाहीत. एडवर्ड अँडर्स इथेच १९२६ मध्ये जन्मला. आई ज्यूंनी वाढवलेली जर्मन अनाथ मुलगी आहे, असा बनाव रचून मायलेकांनी दिवस काढले. वडील गेले, नात्यातले बाकीचे गेले. अँडर्स पुढे शिकागोत रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. उल्का हा त्याचा विषय, चंद्रावरून आणलेल्या दगडांचंही त्याने संशोधन केलं. निवृत्तीनंतर एका लाटव्हियन सहकाऱ्याला घेऊन तो कागदांना भिडला. प्रत्येक इमारतीत राहणाऱ्यांची नोंद ठेवणारी घरपुस्तकं, १९४१ ची जर्मनांनी केलेली शिरगणती, जुनी पारपत्रं, सैबेरियाला नेलेल्यांच्या याद्या, छावण्यांच्या नोंदी, नातेवाइकांनी भरलेले अर्ज. एकाच माणसाचं नाव यिद्दिश, जर्मन, रशियन आणि लाटव्हियन वळणाने चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलेलं. ताळा घेत घेत सात हजारांच्या आसपास माणसांची यादी झाली: नाव, जन्म, धंदा, पत्ता, शेवट.

त्या भिंतीपाशी मी खूप वेळ होते. हे काम काय असतं ते मला माहीत आहे. एक नाव दोन नोंदींत वेगळं आलं की तेच माणूस की दुसरं, हे ठरवायला कधी कधी अख्खा दिवस जातो. भिंतीवर एका आडनावाखाली सलग नावं येतात, ती वाचताना घराचा आकार समजतो.

ज्यांनी हे केलं त्यांचं काय झालं, हे भाचीने विचारलं तेव्हा आम्ही कबरींच्या कडेच्या बाकावर चेरी खात होतो. डिट्रिखला १९४८ मध्ये लँड्सबर्गच्या तुरुंगात फाशी झाली. पण श्केदेसाठी नाही. युद्धाच्या शेवटी जर्मनीत त्याने पकडलेले अमेरिकन वैमानिक मारायला लावले होते, त्या खटल्यात. लिएपायाच्या २,७५० जणांबद्दल त्याला कोणत्याही न्यायालयात उत्तर द्यावं लागलं नाही. येकेल्नला १९४६ मध्ये रीगात जाहीर फाशी दिलं. लोझेला दहा वर्षांची सजा झाली आणि १९५१ मध्ये सुटका. आरायस नाव बदलून पश्चिम जर्मनीत राहिला, १९७५ मध्ये सापडला, जन्मठेपेत तुरुंगात मेला. लिएपायातल्या काही एसएसवाल्यांवर १९७१ मध्ये हॅनोव्हरला खटला चालला. श्ट्रॉट त्यांत होता. त्याला झालेली शिक्षा वर्षांत मोजावी अशी होती.

शुक्रवार

सकाळची बस. रीगापर्यंत आमचं भांडण झालं, म्हणजे भांडण नाही, पण भाची हट्टाने बोलत होती.

विषय झिवकॉनचे फोटो. ते कुठेही सहज मिळतात, इथे देता आले असते. मी म्हटलं, देणार नाही. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध फोटो मी पाहिलाय. आतल्या कपड्यांवर उभ्या केलेल्या बायका, एकीच्या मागे तोंड लपवणारी मुलगी. त्या आपणहून ओळीत उभ्या नाहीत. फोटो काढणाऱ्याने त्यांना थांबवलंय. त्या क्षणी त्यांच्याकडे जसं बघितलं गेलं तसंच आपण बघतो, त्याच ठिकाणाहून, त्याच उंचीवरून. त्यांतल्या काहींची ओळख पुढे पटली. त्यांना विचारायला कोणी गेलं नव्हतं.

भाची म्हणाली, फोटो श्ट्रॉटचे असतील, पण प्रती झिवकॉनच्या आहेत. त्याने गळ्यात फास येईल हे माहीत असून त्या चोरल्या, कशासाठी? न बघण्यासाठी? त्या बायका त्याच्या गावच्या होत्या, ओळखीच्या असतील. तो त्यांच्या लाजेचा विचार करत बसला असता तर न्यूरेंबर्गला दाखवायला काय होतं? मी म्हटलं, न्यायालय वेगळं आणि मोबाइलवर सरकवत बघणं वेगळं. ती म्हणाली, मी तर मोबाइलवरच बघितले, आणि तू सांगितलेल्या सगळ्या तारा आणि पत्रं ऐकून मला जे कळलं नाही ते तेव्हा कळलं.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी फोटो दिलेले नाहीत. तिच्या हरकतीची नोंद मात्र करून ठेवते, तिच्याच शब्दांत: "मावशी, ज्याला बघायचं नाही तो तसाही बघणार नाही. मग तू झाकतेस ते कोणासाठी?"